घराण्यांची दप्तरे, मंडळाची कपाटे

खराडीहून नगर रस्त्याने पुण्याकडे निघाले की शहरात शिरेपर्यंत मराठ्यांच्या इतिहासाचे तीन मोठे कागदसंग्रह वाटेत येतात. येरवड्याला डेक्कन कॉलेजात नाना फडणिसांचे मेणवलीचे दप्तर आहे. नदी ओलांडून कौन्सिल हॉलच्या बाजूला गेले की पुणे पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडचे पेशवे दप्तर, लागते. तिथून सदाशिव पेठेत गेले की भारत इतिहास संशोधक मंडळ. आज हे कागद कपाटांत, रुमालांत आणि क्रमांक घातलेल्या पाकिटांत आहेत. यातले पुष्कळसे एके काळी कोणाच्या तरी घरात होते: वाड्याच्या माळ्यावर, कोनाड्यात, देवघराशेजारच्या पेटीत.

घरातून संग्रहालयापर्यंत ते तीन वाटांनी आले. काही सरकारी हुकमाने आले, काही एखाद्या संग्राहकाच्या चिकाटीने आले आणि काही घरच्यांनी विश्वासाने आणून दिले. जुने संग्रह कसे जपावेत याची चर्चा आज जगभर चालू आहे. अमेरिकेने 1990 साली कायदा करून मूळ रहिवाशांच्या पूर्वजांचे अवशेष आणि पवित्र वस्तू त्यांच्या वंशजांना परत देण्याचे बंधन संग्रहालयांवर घातले. तेव्हापासून 'ज्यांचा वारसा, त्यांना सोबत घेऊन जतन' हा विचार सगळीकडे मान्यता पावत गेला. महाराष्ट्रात हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी उभा राहिला होता, आणि त्याचे एक चांगले उत्तर पुण्याने शंभर वर्षांपूर्वी शोधले होते.

सनद दाखवा

1818 साली पेशवाई बुडाली आणि पुण्याचे हुजूर दप्तर कंपनी सरकारच्या हाती पडले. कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याला या कागदांचे मोल लगेच कळले. कोणाचे वतन कोणते, कोणत्या गावाचा वसूल किती, कोणते देवस्थान कशावर चालते, हे सगळे त्या रुमालांत होते. राज्य चालवायचे तर दप्तर हवे. म्हणून ते जपले गेले, पण एका सरकारी खात्याची मालमत्ता म्हणून.

घराघरांतल्या कागदांवर खरे संकट आले ते 1852 च्या इनाम कमिशनच्या कायद्याने. ज्यांची जमीन सरकारसाऱ्यातून माफ होती, त्यांना हक्काची सनद दाखवण्याचा हुकूम झाला. 1857 पर्यंतच्या पाच वर्षांत सुमारे 35 हजार इनामांची चौकशी झाली आणि त्यांतली सुमारे 20 हजार खालसा झाली. कागद दाखवावा तर त्यात खोट निघण्याची धास्ती, न दाखवावा तर इनाम जाण्याची. या कात्रीत सापडलेल्या माणसाला पेटीतली सनद ही आजोबांची आठवण वाटेनाशी झाली. ती फौजदारी पुराव्यासारखी अंगावर येऊ लागली.

कमिशनने ठिकठिकाणांहून ओढून आणलेले कागद पुढे पेशवे दप्तरात 'जमाव' या नावाच्या विभागात राहिले. संशोधकाला तिथे आज सोने सापडते. पण ते कागद ज्या घरांतून निघाले, त्या घरांनी त्यातून एकच धडा घेतला. कागद मागायला कोणी परका आला की 'आमच्याकडे काही नाही' म्हणायचे, पेटीला कुलूप घालायचे आणि किल्ली घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाकडे ठेवायची. पुढच्या पन्नास वर्षांत महाराष्ट्रात कागद शोधत फिरलेल्या प्रत्येक माणसाला हे कुलूप आधी भेटले.

दाराशी बसून वाचणारी माणसे

1878 साली काशिनाथ नारायण साने आणि त्यांच्या सोबत्यांनी 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक सुरू केले. बखरी, पत्रे, याद्या जशा मिळतील तशा छापायच्या आणि लोकांपुढे ठेवायच्या, असा त्यांचा बेत होता. कागद छापून आला की त्यावर सर्वांचा डोळा राहतो आणि मूळ प्रत वाळवीने खाल्ली तरी मजकूर वाचतो. जतनाचा हा पहिला धडा मराठी वाचकांनी एका मासिकातून घेतला.

मिरजेला वासुदेवशास्त्री खरे हे शाळामास्तर होते. पटवर्धनांच्या दप्तरातला ढीग त्यांनी वर्षानुवर्षे उपसला आणि 1897 पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापायला सुरुवात केली. जिथे कागद लिहिले गेले, त्याच मुलखात राहून, ज्यांचे कागद त्यांच्याच ओळखीच्या वर्तुळात वावरून केलेले ते काम होते. पत्रातला 'चिरंजीव' कोण आणि 'तीर्थरूप' कोण, हे मिरजेत विचारता येत असे. लंडनच्या एखाद्या कपाटासमोर बसून ते कळले नसते.

1898 साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. वाईत हाती आलेल्या पत्रांवर तो उभा होता. 1750 ते 1761 या काळातली, पानिपतच्या मोहिमेपर्यंत नेणारी तीनशेच्या वर पत्रे त्यात आहेत. पुढे या मालेचे एकूण 22 खंड निघाले. त्यासाठी राजवाडे गावोगाव हिंडले. कुणबाऊ पोशाख, हाताने रांधलेले जेवण आणि सोबत कागदांची गाठोडी, अशी त्यांची आठवण सांगितली जाते. पण त्यांची खरी शिदोरी मोडी लिपीवरची हुकमत होती. घरच्या माणसाला स्वतःच्या आजोबांचे अक्षर लागत नसे. राजवाडे ते त्याच्यासमोर वाचून दाखवू शकत होते.

या एका गोष्टीने सगळे पालटत होते. इनाम कमिशनचा अंमलदार कागद मागत असे आणि घेऊन जात असे. दाराशी बसून वाचणारा माणूस आधी काही देत असे. तुमचे पूर्वज अमुक स्वारीत होते, अमुक साली त्यांना हे गाव मिळाले, हे पाहा त्यांचे दस्तुर, असे सांगत असे. घराला स्वतःचा इतिहास मिळत होता आणि त्या बदल्यात संशोधकाला नक्कल करायची मुभा.

त्याच काळात साताऱ्याला दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी वेगळ्या पद्धतीने अफाट संग्रह केला. चित्रे, पत्रे, हत्यारे, नकाशे, आणि त्यात मेणवलीचे दप्तर. 1800 साली नाना फडणीस वारले. त्यांच्या खासगी कागदांचा साठा कृष्णाकाठच्या मेणवलीच्या वाड्याशी जोडलेला होता. पारसनीस यांनी तो मिळवला, 'इतिहाससंग्रह' मासिकातून त्यातले पुष्कळ छापले आणि साताऱ्यात त्यासाठी संग्रहालय उभे राहिले. 1926 साली ते वारले. 1939 मध्ये तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात आला. एका माणसाने केवढे वाचवता येते याचा हा मोठा दाखला आहे. त्याची मर्यादाही इथेच दिसते. संग्राहक गेला की संग्रहाला नवे घर शोधावे लागते, आणि मूळ घराशी असलेला धागा तोपर्यंत बारीक होत गेलेला असतो.

मंडळाची रीत

7 जुलै 1910 रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. संस्थापक दोघे: राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे. ही जोडी लक्षात घेण्यासारखी आहे. पानिपतच्या मोहिमेत पडलेले बळवंतराव मेहेंदळे याच घराण्यातले, आणि अप्पा बळवंत चौकाचे नाव त्यांच्या मुलावरून पडले. बारा वर्षांपूर्वी राजवाड्यांनी पानिपतची पत्रे छापली होती. आता संस्था काढताना त्यांच्या शेजारी मेहेंदळे घराण्यातला माणूस बसला होता. ज्यांचा इतिहास, ते पहिल्या दिवसापासून संस्थेच्या आत होते.

मंडळाची कामाची रीत साधी होती. ठरावीक दिवशी सभा भरायची. कोणी नवा कागद आणला की तो सर्वांसमोर वाचायचा, तिथी आणि नावे तपासायची, वाद घालायचा. वर्षाअखेरी संमेलन भरवायचे आणि सगळा मजकूर इतिवृत्तात छापायचा. कागद कोणत्या गावच्या कोणत्या घराण्याकडून आला, ते मजकुराबरोबर नोंदायचे. ही शेवटची सवय फार मोलाची ठरली. छापलेल्या पानावर घराण्याचे नाव आले की शेजारच्या गावचा देशमुख आपली पेटी उघडायला तयार होत असे, कारण त्यालाही आपले नाव तिथे हवे असे. अभ्यासकाला त्यातून कागदाची साखळी मिळे: कोणाच्या ताब्यातून तो आला, त्याच्याबरोबर दुसरे काय होते, खोट असेल तर कुठे शिरली असेल.

राजवाडे स्वतः मंडळात फार काळ रमले नाहीत. त्यांची अखेरची वर्षे धुळ्याला गेली आणि 31 डिसेंबर 1926 रोजी ते तिथेच वारले. त्यानंतर काही दिवसांतच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात निघाले. पुण्यातले काम दत्तो वामन पोतदार, गणेश हरी खरे अशा माणसांनी पुढे दशकानुदशके ओढले.

मंडळाच्या रीतीचे सर्वांत मोठे फळ 1916 साली मिळाले. भोर संस्थानातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी एक जुनी शकावली होती. शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या दिवसांपासून पाठीशी उभे राहिलेले कान्होजी जेधे यांचे हे घराणे. शके 1540 पासून 1619 पर्यंतच्या, म्हणजे 1618 ते 1697 या काळातल्या घडामोडी त्या शकावलीत तिथीवार टिपल्या होत्या. दयाजीराव सर्जेराव जेधे देशमुख यांनी ती लोकमान्य टिळकांना दिली. टिळकांनी ती मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात टिपणासह प्रसिद्ध केली.

तोवर महाराजांचा जन्म शके 1549 च्या वैशाखातला, म्हणजे 1627 चा, असे सर्वत्र धरले जात होते. जेधे शकावलीत शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया असा उल्लेख निघाला. ती तारीख 19 फेब्रुवारी 1630. मोठा वाद पेटला आणि तो अनेक वर्षे चालला. पुढे जोधपूरकडच्या ज्योतिष्यांच्या संग्रहात सापडलेल्या कुंडलीनेही याच तिथीला दुजोरा दिला, आणि महाराष्ट्र शासनानेही अखेर हीच तारीख स्वीकारली. आज 19 फेब्रुवारीला राज्यभर जी जयंती साजरी होते, तिच्यामागे एका देशमुख घराण्याने पिढ्यानपिढ्या सांभाळलेली काही पाने आहेत. त्या घराने ती शकावली देण्याचा निर्णय घेतला, योग्य माणसाच्या हाती दिली आणि ती घराण्याच्या नावानेच जगाला माहीत झाली. 'जेधे शकावली' या दोन शब्दांत दोन्ही बाजूंचा मान राखलेला आहे.

दारे उघडली, तरी

मंडळाला हवे असलेले पेशवे दप्तर मात्र बंदच होते. 1891 साली बांधलेल्या इमारतीत सुमारे 35 हजार रुमाल इनामखात्याच्या ताब्यात होते, आणि पुण्याच्या अभ्यासकांना आपल्याच शहरातला हा साठा पाहायला सरकारी परवानगी लागे. अनेक वर्षांच्या मागणीनंतर, सर जदुनाथ सरकारांच्या प्रयत्नांची जोड मिळून, गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे हे दप्तर तपासण्याचे काम आले. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात निवडक कागदांचे 45 खंड काढले. इतक्या थोड्या वर्षांत केवढा उरक!

पण मंडळाच्या अभ्यासकांना एक सल राहिला. निवड सरकारने नेमलेल्या माणसाची, छापखाना सरकारचा, आणि ज्यांनी आयुष्यभर घराघरांतून कागद गोळा केले ते दाराबाहेर. कोणते कागद छापायचे आणि कोणते मागे ठेवायचे, हे ठरवताना खोलीत कोण बसलेले आहे, याला इतिहासात फार वजन असते. जतनाचे तंत्र कितीही उत्तम असले तरी हा प्रश्न त्याने सुटत नाही.

स्वातंत्र्यानंतर संकट दुसऱ्या बाजूने आले. 1950 साली कुलकर्णी वतने संपली, 1958 साली कनिष्ठ गावकामगारांची आणि 1962 साली पाटीलकीची. सामाजिक न्यायासाठी हे आवश्यक होते, त्याबद्दल दुमत नसावे. मात्र वतनाचा पुरावा म्हणून जे कागद पिढ्यानपिढ्या जपले होते, त्यांचा व्यवहारातला उपयोग एका फटक्यात गेला. शाळेतून मोडीही त्याच सुमारास गेली. नातवाला आजोबांची पेटी उघडता येत होती, पण वाचता येत नव्हती. न वाचता येणारा, उपयोग नसलेला, कसर लागलेला कागद बंबात जायला कितीसा वेळ लागतो? जुन्नरी कागद, काजळाची शाई आणि बोरूचे अक्षर तीनशे वर्षे टिकते. त्याला वाळवीपेक्षा अनास्थेचे भय जास्त.

ज्यांच्या घरी दप्तर नव्हते

इथवरची हकीकत वतनदारांची झाली. ज्यांच्या घरी दप्तरच नव्हते त्यांचा वारसा कुठे ठेवायचा? याचेही उत्तर पुण्यातूनच आले. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटविन यांनी 1980 च्या दशकात मुळशीच्या डोंगरी गावांतल्या कष्टकरी बायकांबरोबर काम करताना जात्यावरच्या ओव्या टिपायला सुरुवात केली. काम वाढत महाराष्ट्रभर गेले आणि एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. बर्नार्ड बेल यांनी आवाज ध्वनिमुद्रित केले आणि संगणकावर त्यांची सूची बांधली. ओव्या गोळा करणाऱ्यांत त्याच गावांतल्या, त्याच संघटनेतल्या बायका होत्या. अमुक ओवी अमुक गावच्या अमुक बाईची, अशी नोंद प्रत्येक ओवीसोबत झाली.

पॉइटविन 2004 साली गेले आणि राईरकर 2010 साली गेल्या. पण संग्रह अडगळीत पडला नाही. 2017 पासून 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने तो हाती घेतला, आणि त्यांची माणसे पुन्हा त्या गावांत गेली. गाणाऱ्या बाया हयात असतील तर त्यांना, नसतील तर त्यांच्या लेकीसुनांना भेटली, वीस वर्षांपूर्वीचे आवाज त्यांना ऐकवले, राहिलेले तपशील विचारले, छायाचित्रे जोडली. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा 1996 साली टिपलेला आवाज आज जगात कुठेही ऐकता येतो, तो त्यांच्या नावाने. जेधे शकावलीला जो मान मिळाला, तोच मान जात्यावर बसलेल्या बाईला मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता.

खराडीत आज

खराडी हे हवेली तालुक्यातले मुळा-मुठेकाठचे शेतकऱ्यांचे गाव. 1997 साली ते महापालिकेत आले. पुढे इऑन आयटी पार्क झाले, काचेच्या इमारती उठल्या, नदीपर्यंतच्या शेतांना चौरस फुटांचे भाव आले. जुनी घरे पाडून नवी बांधताना माळा रिकामा करावाच लागतो, आणि तिथे काय होते ते एका दिवसात ठरते. जुने करारमदार, सारा भरल्याच्या पावत्या, देवस्थानच्या जमाखर्चाच्या वह्या, लग्नातल्या आहेराच्या याद्या, पालख्यांच्या वाटणीचे कागद: पुण्याभोवतीच्या गावांतल्या जुन्या घरांत असे काही ना काही निघते. ते रद्दीत गेले तर परत येत नाही.

अशा वेळी एक अनपेक्षित गोष्ट घडली आहे. सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने मराठा आरक्षणाच्या मागणीपोटी जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली, आणि गावोगाव मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, पण वतने गेल्यानंतर पहिल्यांदाच साध्या शेतकरी कुटुंबांना आपल्या पणजोबांचे कागद हवेसे झाले. ही ओढ फक्त एका दाखल्यापुरती राहू नये. दाखला मिळाल्यावर पेटी पुन्हा माळ्यावर गेली तर आपण एक मोठी संधी गमावू.

यासाठी नवे काही शोधायची गरज नाही, मंडळाची जुनी रीतच आजच्या साधनांनी चालवायची आहे. पेटी घरीच, घरच्यांसमोर उघडावी. रुमालात कागद ज्या क्रमाने बांधलेत, तो क्रम मोडू नये, कारण शेजारशेजारच्या कागदांचे नाते हाही पुरावा असतो. तुटक कागदाला चिकटपट्टी कधीही लावू नये. तिचा डिंक कागदात मुरतो आणि काही वर्षांत अक्षरे खातो. जाणकार संवर्धक पातळ जपानी कागद आणि पुन्हा काढता येणारी खळ वापरतात. घरातच ठेवायचे असतील तर सुती फडके, कोरडी जागा, वेखंड आणि वर्षातून एकदा वारा, एवढ्यानेही दोन पिढ्यांची निश्चिंती होते. मग प्रत्येक कागदाचे चांगले छायाचित्र घ्यावे, बालबोध लिप्यंतर करून त्याची एक प्रत घरच्यांना द्यावी आणि मूळ कागद घरी राहणार की संस्थेत जाणार, हे घरच्यांनी ठरवावे. संस्थेत गेला तर घराण्याचे आणि गावाचे नाव त्याच्या नोंदीत कायमचे लिहिले जावे.

घरच्यांनीही काही द्यायला हवे. कागदात पूर्वजांचा पराक्रम सापडेल तसेच कर्ज, भाऊबंदकी, वेठ आणि अन्यायही सापडतील. न आवडणारे पान फाडायचे नाही आणि अभ्यासकाने ते छापले तर त्याला दटावायचे नाही. 5 जानेवारी 2004 रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला तेव्हा पोथ्या आणि कागद पायदळी आले. वारशाचा अभिमान सांगणारे हातच वारसा फाडू शकतात, हे त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. भागीदारी म्हणजे कागदावर दोघांचा हक्क आणि सत्यापुढे दोघांनीही मान तुकवणे.

खराडीत आज संगणकाचे हजारो जाणकार राहतात, आणि त्यांच्या शेजारच्या गल्लीत गावची जुनी घराणी. मोडी शिकवणारे वर्ग पुण्यात आहेत, मार्गदर्शन करणाऱ्या संस्थाही आहेत. गणेशोत्सव मंडळ, सोसायटी आणि गावकीची देवस्थान समिती यांनी मिळून एक दिवस ठरवला, मोडी जाणणारा एखादा माणूस बोलावला आणि गावकऱ्यांना कागद घेऊन येण्याचे निमंत्रण दिले, तर खराडीचे स्वतःचे दप्तर उभे राहू शकते. राजवाडे पायी हिंडत जे करत होते, ते आता एका सभागृहात जमेल. पाडकामाचा मुहूर्त ठरण्याआधी पेटी उघडायचा मुहूर्त ठरवा, आणि ती उघडताना घरातली थोरली आणि धाकटी माणसे, दोन्ही हजर असू द्या.